आधी सिनेमा दाखवा, मग अक्कल काढा

मराठी सिनेमाची तब्येत बिघडली की खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, हे आता ठरूनच गेलं आहे. परिसंवाद असो, दिवाळी अंकातला लेख असो किंवा एखाद्या दिग्दर्शकाची मुलाखत असो, बोलणं फिरून त्याच जागी येतं. 'खेड्यातल्या पोरांना सिनेमा नको असतो, हिरो हवा असतो. ती सिनेमावर बोलतात म्हणजे कुणी किती कोटी कमावले यावर बोलतात. डब केलेल्या तेलुगू हाणामाऱ्यांनी त्यांची चव बिघडवली. चांगला मराठी सिनेमा मारला तो यांनीच.' असं म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं सिनेमावर मनापासून प्रेम असतं. म्हणूनच त्यांचं म्हणणं हसण्यावारी न नेता मुद्द्याला मुद्दा लावून खोडायला हवं.

मी ज्यांची बाजू मांडतोय ती पोरं बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालची. संग्रामपूर तालुक्यातलं हे गाव. शेगावकडून आलेली माणसं इथून संग्रामपूरकडे, जळगाव जामोदकडे, सोनाळ्याकडे पांगतात. त्यामुळे चहाच्या टपरीवर कायम कुणीतरी गाडीची वाट पाहत असतं. पावसाचा, कापसाचा, राजकारणाचा विषय संपला की सिनेमा निघतो. बोलणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारे असतात, कृषी केंद्रात कामाला असलेले असतात, काळीपिवळी चालवणारे असतात. कुणाचा नवा सिनेमा कधी लागणार, अमक्या दिग्दर्शकाने मागच्या वेळी कुठे माती खाल्ली, नव्या ट्रेलरमध्ये गोष्ट किती आणि धूर किती, यावर वाद रंगतात. "ट्रेलरमंदी जेवढं दाखोलं तेवढंच हाये पिच्चरमंदी, बाकी काईच नाई," असा निकाल एका वाक्यात लागतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

पहिला आक्षेप कोटींचा. पोरं कलेवर बोलत नाहीत, गल्ल्यावर बोलतात. बोलतात, हे खरं. पण त्यांना हे शिकवलं कुणी? पहिल्या दिवसाची कमाई, शनिवारची उडी, सोमवारची घसरण हे रोज छापतं कोण? 'शंभर कोटींच्या दिशेने' अशी जाहिरात निर्मातेच देतात आणि आकड्याचा केक कापतानाचे फोटोही तेच पाठवतात. एवढं झाल्यावर वरवटच्या पोराने तोच आकडा तोंडात घेतला की मात्र तो अरसिक ठरतो.

शिवाय ही पोरं आकडा जसाच्या तसा गिळत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. जाहीर झालेला भाव आणि ओलावा, प्रत, वजनातली कपात, गाडीभाडं हे सगळं वजा जाता हातात पडणारा पैसा, यातलं अंतर ज्याच्या घरात दर हंगामात मोजलं जातं, त्याला ग्रॉस आणि नेट यातला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. फुकट तिकिटं वाटून हाउसफुल्लचा बोर्ड लावला असेल, ही शंका इथे सगळ्यात आधी येते.

कोटींच्या मापात एक लबाडीही आहे आणि ती खेड्याच्याच विरोधात जाते. मल्टिप्लेक्समध्ये तिकीट चारशे रुपयांचं आणि तालुक्याच्या जुन्या थिएटरात शंभराचं असेल, तर गल्ल्याच्या हिशेबात खेड्यातली चार माणसं मिळून शहरातला एक प्रेक्षक होतो. निर्माता मग कुणासाठी सिनेमा बनवणार, हे सांगायला नको. कोटींच्या वेडावर राग असेल तर तो या मापावर काढावा. ज्याची किंमत या मापात पाव धरली जाते, त्याच्यावर नको.

दुसरा आक्षेप दक्षिणेचा. डब केलेले सिनेमे पाहून पोरं बिघडली म्हणतात. गंमत म्हणजे 'पुष्पा'तल्या अल्लू अर्जुनला हिंदीत आवाज दिला श्रेयस तळपदेने आणि 'बाहुबली'तल्या प्रभासला शरद केळकरने. दोघेही मराठी. वरवटच्या टपरीवर हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'चव बिघडली' म्हणणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे, ते त्यांनी स्वतःला विचारावं.

आणि या पोरांनी दक्षिणेकडून फक्त मारामारी उचलली, हे तर साफ चूक आहे. २०२२ मध्ये 'कांतारा' आला. ऋषभ शेट्टीने कर्नाटकच्या किनारपट्टीतल्या आपल्या केराडी गावात, आपल्या भागातल्या दैवाची, जंगलाची आणि जमिनीच्या मालकीची गोष्ट उभी केली. कन्नडचा एक शब्दही न कळणाऱ्या देशाने ती पाहिली. त्यानंतर टपरीवर जो प्रश्न निघाला तो मला कुठल्याही परीक्षणात सापडला नाही: "आपल्या अंबाबरव्याची गोष्ट कोन काढनार?" अंबाबरवा म्हणजे संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं अभयारण्य. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. वाघासाठी उठवलेली गावं या डोंगरात आहेत. डोंगर उतरून खाली आलं की पूर्णेचा खारपाण पट्टा लागतो, जिथलं खारं पाणी पिऊन माणसांची मूत्रपिंडं निकामी झाली. एका तालुक्यात एवढ्या गोष्टी पडून असताना मराठी कॅमेरा इकडे का वळत नाही, हा प्रश्न मारामारीच्या भक्ताचा नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' आला, दिलीप प्रभावळकरांच्या आधाराने कोकणाने आपली गोष्ट सांगितली आणि राज्यभर लोकांनी ती डोक्यावर घेतली. वऱ्हाडाचा नंबर कधी, असं कुणी विचारलं तर त्यात बिघडलेली चव कुठे दिसते?

'छावा'बद्दलही असंच. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला आणि गाड्या भरभरून लोक तो पाहायला गेले. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर मराठी माणूस. त्याआधी त्याने मराठीत 'टपाल' आणि 'लालबागची राणी' केले होते. मग संभाजीराजांवरचा एवढा मोठा सिनेमा हिंदीत का झाला? मराठी निर्मात्यांकडे पैसा नव्हता की छाती नव्हती? हा वाद मी टपरीवर ऐकला आहे आणि तो परिसंवादातल्या वादांपेक्षा हलक्या दर्जाचा नव्हता.

तिसरा आक्षेप मुळावरचा आहे: चांगला मराठी सिनेमा आला तरी ही पोरं जात नाहीत. इथे मला शांत राहणं अवघड जातं. जायचं कुठे?

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा जरा पाहा. वितरकांच्या हिशेबात महाराष्ट्र नावाचा प्रदेश अस्तित्वातच नाही. मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, कोकण हे 'बॉम्बे' सर्किटमध्ये येतात. मराठवाडा 'निजाम'मध्ये येतो. आणि आम्ही येतो 'सी.पी. बेरार'मध्ये. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून जाऊन सत्तर वर्षं उलटली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. धंद्याच्या वहीत मात्र आम्ही अजून इंग्रजांच्या प्रांतातच आहोत. मराठी निर्माता मुंबई-पुण्यात सिनेमा लावतो, तिथे चालला तर पुढचं पाऊल टाकतो, आणि पोस्टर सी.पी. बेरारला पोहोचेपर्यंत सिनेमावर बोलणारे पुढच्या शुक्रवारकडे वळलेले असतात.

पूर्वी याला एक सबब होती. रिळांची एक एक प्रत काढायला मोठा खर्च यायचा. ती आधी मोठ्या शहरांत फिरायची आणि घासून ओरखडे पडल्यावर तालुक्याला यायची. २००५ नंतर उपग्रहावरून थेट थिएटरात सिनेमा पाठवायची सोय झाली. मुंबईत आणि तालुक्यात एकाच दिवशी, एकाच प्रतीचा खेळ लावता येऊ लागला. तंत्राने सबब संपवली, तरी वही बदलली नाही.

सरकारने काय केलं? एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी सिनेमा दाखवणं सक्तीचं करण्याची घोषणा झाली. केवढं रणकंदन झालं! शेवटी ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. त्या सगळ्या भांडणात जिथे मल्टिप्लेक्सच नाही अशा तालुक्यांचं काय, हा प्रश्न ना सक्ती करणाऱ्यांनी काढला, ना विरोध करणाऱ्यांनी. दर्जेदार मराठी सिनेमाला राज्य सरकार अनुदान देतं. ते द्यावंच. पण तो पैसा वरवटच्या माणसाच्याही खिशातला असतो आणि त्या पैशाने झालेला सिनेमा त्याच्या तालुक्यात एकदा तरी दाखवला गेला का, हे कुणी तपासत नाही. सरकार निवडक मराठी सिनेमे फ्रान्सला, कान महोत्सवाच्या बाजारात पाठवतं, तेही आनंदाने पाठवावेत. फक्त कानपर्यंत जाणाऱ्या सिनेमाला संग्रामपूर लांब पडत असेल, तर रसिकतेचा पंचनामा संग्रामपूरच्या माणसाचा करू नये.

दोन उदाहरणं देतो. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ चा. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी, त्याचा पाऊस, त्याच्या जिवाची धास्ती लागलेली बायको. रॉटरडॅमच्या महोत्सवात तो गेला, समीक्षकांनी वाखाणला. ज्यांच्या वावरातली ती गोष्ट होती, त्यातल्या बहुतेकांना तो पुढे कधीतरी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी भेटला. दुसरा जयंत सोमलकर यांचा 'स्थळ'. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. कापूस पिकवणारा बाप, शिकायचं म्हणणारी पोरगी आणि तिला 'पाहायला' येणाऱ्यांची रांग. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तो लागला ७ मार्च २०२५ ला. तारीख नीट पाहा: 'छावा'ला तीन आठवडे झालेले, गर्दी अजून ओसरलेली नाही. त्या गर्दीत 'स्थळ'च्या वाट्याला किती पडदे आणि कुठल्या वेळा येणार? वाढलंच नाही ते खाल्लं नाही म्हणून बोल लावायचा, हा कुठला न्याय?

आणि जेव्हा सिनेमा खरोखर पोहोचतो, तेव्हा काय होतं, याचा पुरावा सगळ्यांसमोर आहे. २९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळेंचा 'सैराट' आला. त्यात नावाजलेला हिरो नव्हता, ओळखीची हिरोइन नव्हती. शेवट असा, की थिएटरातून बाहेर पडणाऱ्याला शब्द फुटू नये. शंभर कोटींपलीकडे गेलेला पहिला मराठी सिनेमा तो, आणि त्याला तिथवर नेणाऱ्यांत खेड्यापाड्यांतली, तालुक्यांची गर्दी होती. मागणी एवढी, की काही गावांत मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले. 'हिरोशिवाय काही नको' असं ज्यांच्याबद्दल सांगतात, तीच ही पोरं. दोन वर्षांनी त्याचा हिंदी अवतार 'धडक' आला. गोष्ट उदयपूरला गेली, सगळं चकचकीत झालं आणि ज्या जातीमुळे 'सैराट'मधल्या प्रेमी जोडप्याचा जीव गेला, तीच पातळ झाली. सिनेमा कुठे कमी पडला हे सांगताना शहरातल्या परीक्षणांनी अभिनयाचे गुण मोजले. टपरीवर एवढंच बोललं गेलं, की कारणच काढून टाकल्यावर खून कशासाठी? यापेक्षा नेमकी समीक्षा मला माहीत नाही.

चौथा आक्षेप: यांच्या बोलण्याला समीक्षेची शिस्त नाही. शिस्त म्हणजे काय ते ठरवू. मराठी सिनेमातली वऱ्हाडी बोली बहुतेक वेळा हसवण्यापुरती येते. नोकर, चुलत मामा, गोंधळलेला हवालदार यांच्या तोंडी. शहरातला प्रेक्षक हसतो आणि 'काय अस्सल पकडलीय' म्हणतो. इथला माणूस दुसऱ्या वाक्याला पकडतो: "हे कोन्या गावाची वऱ्हाडी होय बे? आपल्याकडं तं असं कोनीच बोलत नाई." पऱ्हाटीच्या वावरात हिरो पांढऱ्याफेक सदऱ्यात हिंडतो, बोंडं फुटलेली असताना कुणी पेरणीची घाई करतं, हे त्याला लगेच खुपतं. सिनेमाने आपल्या जगाशी प्रामाणिक राहावं, ही अपेक्षा सगळ्या सौंदर्यशास्त्रांच्या मुळाशी आहे. ती पुस्तकी शब्दांत मांडली नाही, म्हणून तिचं वजन कमी होत नाही.

उलट शहरी जाणकारीचीही एक भक्ती आहे. व्हेनिस, टोरांटो, सनडान्सचा शिक्का उमटला की सिनेमा पाहण्याआधीच माना डोलतात. वरवटचं पोरगं पहिल्या दिवसाचा गल्ला पाहून सिनेमा ठरवत असेल, तर जाणकार महोत्सवाचा शिक्का पाहून ठरवतो. दोघांनीही आपला निर्णय दुसऱ्यावर सोपवलेला असतो. फरक एवढाच, की पोराला त्यासाठी कुणी शहाणा म्हणत नाही.

आता माझ्या बाजूचं जे लंगडं आहे तेही सांगतो, कारण समोरचे ते काढणारच. मार्च २०२५ मध्ये सातपुड्यापलीकडे, बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या शिवारात रात्री बॅटऱ्या लावून लोकांनी सोन्याच्या मोहरांसाठी जमीन खणली. 'छावा'त बऱ्हाणपूरची लूट दाखवली आहे, म्हणून तिथे मोगली खजिना पुरलेला असणार, हा समज. ही बातमी 'सिनेमाने वेडे झालेले गावकरी' म्हणून देशभर चघळली गेली. वेडेपणा होताच. पण तिथे नाणी सापडल्याची कुजबुज सिनेमाच्या आधीपासून होती, हेही बातम्यांतच होतं. रात्रभर खणायला जाणारा माणूस सिनेमाने पछाडलेला असतो की पैशाच्या ओढगस्तीने, याचा विचार हसणाऱ्यांनी करायला हवा होता. सिनेमातल्या स्वप्नावर भुलून शेअर बाजारात पैसा घालणारे शहरात कमी नाहीत. त्यांच्या हातात कुदळ नसते एवढंच.

दोन दोष मात्र मला झाकता येत नाहीत. आवडत्या नटावर टीका झाली की बोलणाऱ्याची आई-बहीण काढली जाते, त्यात जात ओढली जाते, आणि नटी असेल तर भाषेला पायरीच राहत नाही. चोरून काढलेली प्रत पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर फिरते आणि तीच पाहून छायाचित्रणावर मतं दिली जातात. याचं समर्थन नाही.

त्याहून मोठा दोष असा, की टपरीवरच्या या गप्पांत बाई नाही. बायका सिनेमा पाहतात, त्यावर बोलतात, पण त्यांचं बोलणं ओट्यावर, बचतगटाच्या बैठकीनंतर, वेचणीला जाताना होतं आणि ते कुणी मोजत नाही. २०२३ च्या 'बाईपण भारी देवा'ने दाखवलं, की त्या गटागटाने घराबाहेर पडल्या तर भल्याभल्या हिरोंचा हिशेब चुकतो. 'स्थळ' पाहिलेला एक पोरगा म्हणाला होता, "पोरगी पाह्याले गेलो तवा आपुनबी हेच इचारलं व्हतं." टपरी थोडा वेळ गप्प झाली आणि मग विषय बदलला. तो बदलायला नको होता. पण लक्षात घ्या, खेड्यातल्या प्रेक्षकावर लिहिणाऱ्यांनी हा आक्षेप कधी घेतलेला नाही. त्यांना कोटी दिसतात, दक्षिण दिसते, बाईची गैरहजेरी दिसत नाही. जिथे खरोखर कान उपटायला हवा, तिथे त्यांचं लक्षच नाही.

मग करायचं काय? पूर्वी जत्रेत तंबू लागायचे आणि ट्रकवरून प्रोजेक्टर यायचा. महाराष्ट्रातल्या त्या फिरत्या तंबूंच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कानला त्याचा गौरव झाला. तंबू मोडले त्याबद्दल टाळ्या वाजल्या, तंबू मात्र कुणी पुन्हा उभारले नाहीत. आज ते काम तेव्हापेक्षा स्वस्तात होतं. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मराठी सिनेमाचा वर्षभरात प्रत्येक तालुक्यात किमान एक खेळ झाला पाहिजे, अशी अट सरकारने घालावी. शाळेचं सभागृह चालेल, बाजार समितीचं आवार चालेल, वाचनालयाची गच्ची चालेल. बायकांसाठी दुपारचा वेगळा खेळ ठेवावा. खेळ संपल्यावर दिग्दर्शकाने, निदान त्याच्या सहायकाने, तिथे थांबून लोकांचं ऐकावं. आणि वितरकांनी सी.पी. बेरारची वही मिटून महाराष्ट्राची उघडावी.

एवढं झाल्यावरही वरवट बकालच्या पोरांनी चांगला सिनेमा नाकारला, तर त्यांना सिनेमा कळत नाही असं खुशाल म्हणा. ती तेव्हाही ऐकून घेणार नाहीत, वाद घालतील. पण तो वाद निदान दोन्ही बाजूंनी पाहिलेल्या सिनेमावर होईल.